मी काहीबाही बोलते

छबूच्या तोंडाला झाकण नव्हतं असं आई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं हीच गोष्ट लोकांनी तक्रार म्हणून सांगितली, आणि त्या लोकांत मी होते. छबू माझी धाकटी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बेगमपुऱ्यात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दादांचं, म्हणजे आमच्या वडलांचं, उठणं-बसणं. मागच्या खोलीत चूल, पाण्याचा रांजण आणि आम्ही. सकाळी डोळे उघडायच्या आत छबूचा आवाज कानावर यायचा. आई भाकरी थापत असायची आणि ही परातीला चिकटून बसलेली. भाकर फुगती कशानं? मंग पुरी कशानं फुगती? मंग माणूस रुसल्यावर गाल फुगवतं, त्यात बी वाफच असती का? आई पाचोडकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण एकाही प्रश्नाला तिनं कधी ‘गप बस’ म्हटलं नाही. ‘थांब, बघू आपण,’ म्हणायची आणि खरंच तव्यावरच्या टम्म फुगलेल्या भाकरीला उलथन्याच्या टोकानं भोक पाडून दाखवायची. फुस्स करून वाफ निघाली की छबू टाळ्या पिटायची. ती भाकर मग चिवट व्हायची आणि माझ्या ताटात यायची.

दादा कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. निजामाच्या राज्यात सगळी कचेरी उर्दूत चालायची, त्यामुळं दादांचं उर्दू अक्षर असं की नुसतं बघत राहावं. घरात बोलणं मराठी, पण वर्तमानपत्र उर्दू, आणि ते दादा मोठ्यानं, सुरावर वाचायचे. छबूला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ती मांडीवर बसून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायची. मग त्यांनी तिच्यासाठी कायदा आणला. उर्दू मुळाक्षरांच्या पहिल्या पुस्तकाला कायदा म्हणतात. आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लाल पुठ्ठ्याचा, पातळसा कायदा. मी त्याच्यासारख्याच एका कायद्यावर आधी शिकले होते, पण मी शिकले ते मार चुकवायला, आणि छबू शिकली ती मजा म्हणून. आईच्या परातीतल्या पिठात बोट फिरवून ती अक्षरं काढायची. ‘ही उभी काडी, ही अलिफ. ही होडी आन् होडीखाली एक टिकली, ही बे. होडीवर दोन टिकल्या, ती ते.’ चार वर्षांचं पोर! पीठ सांडायचं, आई हसायची, आणि दादा कचेरीची टोपी घालता घालता थांबून म्हणायचे, ‘वा, छबूबेगम!’

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. त्याची मोठी माणसं मोठी वर्णनं करतात, ती त्यांनी करावीत. आमच्या घरात काय झालं ते मी सांगते. एके दिवशी दादा लवकर घरी आले, कडी लावून घेतली आणि कपाटातली उर्दू पुस्तकं काढून पाणी तापवायच्या चुलीत घालायला लागले. कचेरीत कुणीतरी त्यांना ‘निजामाचा माणूस’ म्हटलं होतं. एवढंच. कुणी घरी आलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. आई म्हणाली, ‘आवो, पोरीचा कायदा तरी ऱ्हाऊ द्या.’ दादांनी तोही घातला. छबू चुलीपुढं उभी राहून बघत होती. ती रडली नाही. ‘दादा, पुठ्ठा नीट जळंना,’ एवढं म्हणाली. त्या दिवशी पाणी मात्र लवकर तापलं.

दोनेक वर्षांनी छबू शाळेत आली. मी तेव्हा चौथीत होते. मुलींची मराठी शाळा नवीच निघाली होती, आणि तिच्या मोठ्या बाई आल्या होत्या त्या पुण्याकडच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या केव्हाच गेल्या, आणि त्यांच्यावर माझा जेवढा राग आहे तेवढंच मी त्यांचं देणंही लागते. एकट्या बाईमाणसानं परक्या मुलखात येऊन भाड्याच्या खोलीत राहावं, स्वतःच्या हातानं आमची नखं कापावीत, उवांनी भरलेली डोकी रॉकेल लावून धुवावीत, हे काही सोपं नव्हतं. स्वतःच्या ट्रंकेतली गोष्टींची पुस्तकं त्यांनी मला वाचायला दिली. मी त्यांच्यावर जीव टाकत होते. त्या ‘येथे’ म्हणायच्या तर मी घरी ‘येथे’ म्हणून बघायची, आणि आई म्हणायची, ‘काय गं, घसा बसलाय का?’

बाईंचा ध्यास एकच, मुलींना चांगल्या सवयी लावायच्या. त्यासाठी त्यांनी दर वर्गात एक सवयप्रमुख नेमली, आणि सगळ्या शाळेची मोठी सवयप्रमुख मी. माझ्या पोलक्याला निळी फीत, हातात एक वही. वहीत चार रकाने: नखं, केस, रुमाल, बोलणं. पहिल्या तीन रकान्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. चौथ्यानं घात केला. त्यात अशुद्ध बोलणाऱ्या मुलीचं नाव आणि तिचा शब्द लिहायचा. लई, व्हय, नाय, हे अशुद्ध. वर्गाला जमात, धड्याला सबक, सुट्टीला छुट्टी, दौतीला दवात, हेही अशुद्ध; ‘ते तिकडचं’ असं बाई म्हणायच्या. म्हणजे आमच्या आयांची भाषा गावंढळ आणि आमच्या बापांची भाषा परकी. राहिलं काय? आम्ही बोलायचं कशात? हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला शिंगं फुटली होती. मी मधल्या सुट्टीत पोरींच्या मागं मागं फिरायची, कान टवकारून. पोरी मला बघून गप्प व्हायच्या आणि मला वाटायचं, वा, सुधारल्या.

बाई म्हणाल्या होत्या, घरीसुद्धा लक्ष ठेवा. मी ठेवलं. आई धपाटे लावत होती, तव्यावर तेल चुरचुरत होतं, आणि ती म्हणाली, ‘पैलं धपाटं शेजारच्या खालाला देऊन ये, मंग खा.’ हे तिचं रोजचं. घरात काही खमंग झालं की पहिला घास भिंतीपलीकडच्या मुसलमान शेजारणीला. मी धपाटं घ्यायच्या ऐवजी वही घेतली आणि लिहिलं, ‘पैलं, मंग.’ आईनं विचारलं, काय लिवायलीस? मी सांगितलं. तिनं ते धपाटं छबूच्या हातात दिलं आणि छबू पळत देऊन आली. त्यानंतर आई मला काही कामाला सांगायची तर खुणेनं सांगायची. माझ्याच घरात माझ्याच आईनं माझ्यापुढं तोंड उघडायचं टाळलं, आणि मी त्या रकान्यात लिहायला काही उरलं नाही म्हणून खूश!

परवा माझ्या नातवाच्या मुलीच्या शाळेतून असाच एक तक्ता आला. रंगीत आहे, चांदण्या चिकटवायच्या आहेत. ‘मी नम्रपणे बोलले’ याला एक चांदणी, ‘मी इतरांची चूक दाखवून दिली’ याला दोन. दोन! नातसूनबाईंनी तो फ्रिजवर लावला होता. मी काढला आणि चार तुकडे करून टाकले. घरात बोंबाबोंब झाली, आजीचं डोकं फिरलंय म्हणाले. म्हणू देत. ऐंशी ओलांडलेल्या बाईचं डोकं एवढ्याशा कागदानं का फिरतं ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

तर, शाळेची तपासणी निघाली. साहेब येणार ते बाईंच्याच भागाकडचे, नवे बदलून आलेले. आठवडाभर आम्ही शाळा सारवत होतो. रांगोळ्या, पताका, प्रत्येकीच्या खिशाला पिन लावलेला रुमाल. मी वहीला नवं कव्हर घातलं होतं, कारण साहेबांना ती दाखवायची होती. साहेब आले, गोरे, जाडसर, हसतमुख. माणूस वाईट नव्हता, हे माझ्या रागाचं अर्धं दुखणं आहे. सगळ्या वर्गांना एकत्र बसवलं होतं, पुढं पहिलीच्या पोरी. साहेबांनी विचारलं, ‘घरी पुस्तक कोण कोण वाचतं?’ पहिलीतला एकच हात वर झाला. छबूचा. तो हात असा ताठ वर की पोरगी त्या हाताला लोंबकळतेय असं वाटावं.

‘अरे वा! बाळ, कोणतं पुस्तक?’

‘आमच्याकडं कायदा व्हता,’ छबू म्हणाली. ‘मला समदा कायदा येत व्हता. मंग दादांनी कायदा चुलीत घातला.’

साहेबांच्या पोटापासून हसू फुटलं. ‘कायदा चुलीत घातला! काय करतात वडील?’

‘कचेरीत असत्यात.’

‘कचेरीत बसून कायदा चुलीत घालतात! शाबास!’ साहेब हसले, म्हणून बाकीच्या मास्तरणी हसल्या, मास्तरणी हसल्या म्हणून पोरी हसल्या. मला सांगा, त्या खोलीतल्या निम्म्या पोरींच्या घरी कायदा होता. निम्म्या पोरी त्याच्यावरच अलिफ-बे शिकलेल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. मी महिनोन् महिने त्यांच्या मागं वही घेऊन फिरले होते, त्याचं हे फळ.

छबूला कळेना काय चुकलं. तिला वाटलं, हे खोटं समजतायत. ‘खरंच घातला! लाल पुठ्ठ्याचा व्हता,’ ती ओरडून म्हणाली. हसू आणखी वाढलं. बाई लालबुंद झाल्या होत्या. शाळा त्यांची, आणि साहेबांपुढं हसं झालेलं. त्यांना खरोखरच त्या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ माहीत नव्हता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, तशी छबू म्हणाली, ‘ताईला इचारा. ताईला ठाव हाय.’

बाई माझ्याकडं वळल्या. ‘सवयप्रमुख, काय म्हणते आहे ही?’

मी वही छातीशी धरून उभी होते. एक वाक्य पुरे होतं. ‘बाई, उर्दूच्या पहिल्या पुस्तकाला आमच्याकडं कायदा म्हणतात.’ संपलं असतं. साहेब म्हणाले असते, अस्सं होय! पण ते म्हटलं की आमच्या घरी उर्दू होती, मीही त्यावरच शिकले, दादांनी ती भिऊन जाळली, सगळंच बाहेर पडणार. आणि माझी निळी फीत, माझं ‘येथे’ आणि ‘तेथे’, सगळं उसनं ठरणार. छबू माझ्याकडं तोंड वर करून बघत होती, अगदी निर्धास्त.

मी म्हणाले, ‘बाई, ती अशीच काहीबाही बोलते.’

साहेब माझं नवं कव्हर बघून गेले. शेरा चांगला दिला. ते गेल्यावर बाईंनी छबूला उभं केलं, पाटी मागवली आणि मला म्हणाल्या, ‘तुझं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे, तू लिही.’ काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. मी शाळेतल्या सर्वांत सुरेख अक्षरात लिहिलं, ‘मी काहीबाही बोलते.’ माझंच वाक्य, फक्त ‘ती’चं ‘मी’ केलेलं. पाटीला सुतळी बांधली आणि शाळा सुटेपर्यंत ती छबूच्या गळ्यात. तिला ते वाचता येत होतं. पहिलीत वाचता येणाऱ्या दोन-चार मुलींतली ती एक होती, तेवढी हुशारी तिच्या कामी आली.

घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मानेवर सुतळीचा लाल वळ. आईनं तो बघितला, मला विचारलं, मी अर्धंमुर्धं सांगितलं. संध्याकाळी दादा आले. त्यांच्या कानावर घातलं तर त्यांचा पहिला प्रश्न काय, ‘साहेबांनी माझं नाव विचारलं का?’ लेकीच्या मानेकडं नंतर बघितलं. बघितलं का, तेही मला नक्की आठवत नाही. त्या माणसानं पोरीला पिठात अक्षरं काढताना बघून टोपी घालायचं थांबवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते हे लिहिताना. एक शब्द बोलायचा होता त्यांनी, शाळेत जाऊन. कायदा म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

गेली ती आई. डोक्यावर पदर घेऊन, मला पुढं घालून, दुसऱ्या दिवशी सकाळीच. भरल्या वर्गाच्या दारात उभी राहिली. बाई म्हणाल्या, ‘मी मुलींच्या भल्यासाठीच करते.’

‘भलं करा की,’ आई म्हणाली. ‘नखं काढा, उवा काढा, मी पाया पडते तुमच्या. पर लेकराच्या गळ्यात पाटी कशापायी? पळणाऱ्या ढोराच्या गळ्यात लोढणं बांधतेत, त्ये पळू नाय म्हणून. माझी पोर तुमच्याकडं पळत येत व्हती, बाई.’

मी मान खाली घालून उभी होते, आणि मला शरम कशाची वाटत होती सांगू? आईच्या भाषेची. आई सगळ्यांसमोर ‘कशापायी’ आणि ‘व्हती’ बोलत होती याची. थोबाडीत मारावी अशी कार्टी होते मी.

छबू शाळेत गेली नाही. ‘मी नाय जायची,’ एवढंच म्हणायची. का, ते सांगायची नाही. आईनं गुलमंडीवरची इमरती कबूल केली, मी माझी निळी फीत तिला देऊ केली, बाई स्वतः घरी आल्या, खाली जमिनीवर बसल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला. हो, आल्या होत्या बाई, ते लपवणार नाही. छबू त्यांच्या मांडीजवळ गप्प बसून राहिली आणि त्या गेल्यावर परत म्हणाली, मी नाय जायची. मग मी तिला घरी शिकवायला बसले. ती पाटीवर तळहात ठेवायची. मी हात काढला की परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी तिला मारलं. पाटीच्या लाकडी कडेनं, बोटांवर. तिनं हूं की चूं केलं नाही, आणि मीही पुन्हा शिकवायला बसले नाही. दादा म्हणाले, मुलीची जात, राहिली तर राहिली. त्यांना सुटल्यासारखं झालं असणार. घरातलं ‘कायदा’ म्हणणारं कुणी आता शाळेत जाणार नव्हतं.

छबूला आईच्या माहेरीच, पाचोडात दिली. मी शिक्षिका झाले. बाईंनीच माझ्यासाठी शब्द टाकला. सगळी नोकरी मी एकही पाटी कुणाच्या गळ्यात बांधली नाही, कुणाला कुणावर पाळत ठेवायला लावली नाही. याबद्दल माझे सत्कार झाले. शाल अंगावर पडली की मला बसल्या जागी राग यायचा, आणि लोकांना वाटायचं, बाई भारावल्या.

मागच्या वर्षी छबूकडं गेले होते. ती अजून बोलते, सगळ्या गल्लीला पुरून उरेल इतकं बोलते. बाजाराचा दिवस होता. भाजीवालीला तिनं बोलता बोलता हसवलं, रडवलं आणि मिरच्या घेऊन आली. दुपारी ओसरीवर आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. तिची सून बँकेचा कुठलासा कागद घेऊन आली, आणि छबू एकदम गप्प झाली. बोलता बोलता, अर्ध्या शब्दावर. अंगठा पुढं केला, सुनेनं शाई लावली, तिनं उमटवला आणि पदराला पुसला. मला राहवलं नाही. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. ‘छबू, तू शाळेत का गेली नाहीस गं? त्या पाटीपायी?’

‘पाटीचं काय,’ ती म्हणाली. ‘पाटी उतरली की उतरली.’

‘मग?’

ती शेंग फोडत राहिली. ‘तुला ठाव व्हता की कायदा. आपुन दोघी त्येच्यावरच शिकलो. आन् बाईनं इचारलं तर तुला आठवंना. मला वाटलं, चार वर्सं शाळंत गेली तर ताई घरचं समदं इसरली. आईचं बोलणं इसरली, कायदा इसरली. मंग मी बी इसरंल. आई मला ओळखू येनार नाय, असलं कायबाय वाटलं. सहा वर्साचं लेकरू ते. भ्याले मी.’

मी तिथंच थांबायला हवं होतं. ती माझ्यावर रागावली नव्हती, कधीच नव्हती. मी गप्प बसले असते तर तसंच राहिलं असतं. पण एकदा गप्प बसण्याचं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं.

‘मी विसरले नव्हते छबू,’ मी म्हणाले. ‘मला ठाव होतं. तेव्हाच ठाव होतं.’

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, तशीच, तोंड वर करून.

‘ठाव व्हतं?’

‘हो.’

मांडीवरची टरफलं झटकून ती उठली. दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, ‘मंग माझी शाळा उगंच गेली की गं, ताई.’